उतार नकाशात नव्हता

विज्ञान इमारतीचा मूळ नकाशा मीच कपाटातून काढून दिला, हे आधी सांगून टाकते. विद्यापीठाच्या बांधकाम विभागात नकाशांची कपाटं माझ्या ताब्यात असतात. इमारतीला शंभर वर्षं होणार म्हणून समिती बसली आणि ठरलं, सगळं मूळ नकाशाबरहुकूम करायचं. दगडी खांब, कमानीच्या खिडक्या, समोरच्या तेरा पायऱ्या ठेवायच्या. नकाशात नसेल ते पाडायचं.

पायऱ्यांच्या डावीकडचा उतार नकाशात नव्हता. असणार कुठून? साठ वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन गवंड्यांनी तो नुसत्या तोंडी हुकमावर बांधला होता, आणि तो माझ्या आत्याने भांडून बांधून घेतला होता. लहानपणीच्या आजारात तिचे पाय गेले. चाकाच्या खुर्चीतून ती इथे पदार्थविज्ञान शिकली.

मी समितीला तीनदा लेखी कळवलं. अध्यक्ष म्हणाले, "कागद दाखवा." कागद नव्हता. "मग ते अतिक्रमणच झालं." साठ वर्षं ज्यावरून माणसं आणि यंत्रांची खोकी वर गेली, ते म्हणे अतिक्रमण. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवसांत उतार भुईसपाट झाला.

वर कडी म्हणजे, सर्वांत जुनी विद्यार्थिनी म्हणून उद्घाटनाला त्यांनी आत्यालाच बोलावलं. उतार पाडल्याचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ या तरी. बघू काय करतात."

अध्यक्ष फुलं घेऊन खालीच उभे होते. खुर्ची पहिल्या पायरीला टेकली तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी चार शिपायांना हाक मारली. "काळजी करू नका ताई, अलगद उचलून नेतील."

आत्याने खुर्चीचा ब्रेक लावला.

"पहिलं वर्षभर मला असंच नेलं," ती म्हणाली. "लघवीला खाली यायचं तर पुन्हा चौघांना बोलवावं लागे. मुलगी होते, लाज वाटायची. म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचे नाही. उतार झाला त्या दिवशी मी वर्गात पहिल्यांदा पाणी प्यायले."

शिपायांनी माना खाली घातल्या. मला अध्यक्षांपेक्षा माझ्या कपाटांचाच जास्त राग आला.

"ताई, वर सगळे खोळंबलेत," अध्यक्ष पुटपुटले.

"मग त्यांना खाली बोलवा," आत्या म्हणाली. "त्यांना पायऱ्या उतरता येतात."