गळत होते मी, आळ आजोबांवर

मी एक जुनी पितळी तोटी आहे. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर जो स्टीलचा पाण्याचा फिल्टर आहे, त्याच्या पोटाशी मला बसवले आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. जिची अब्रू रबराच्या दोन चकत्यांवर टिकून असते, तिने विश्वास तरी कोणावर ठेवायचा?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे मला ओतले, घासले आणि वर चकचकीत मुलामा चढवला. शेवटी एका बाईने माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवले आणि बुडबुडे येतात का ते पाहिले. एकही आला नाही. तरी तिने मला पुन्हा बुडवले. "ही जरा जास्तच साळसूद दिसतेय," ती शेजारणीला म्हणाली. संशयाचे पहिले धडे मला तिच्याकडूनच मिळाले.

या घरात येऊन मला अकरा वर्षे झाली. येथे आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून राहतात. आजोबा पूर्वी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. तिथे तेवीस नळ होते म्हणे. "एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकही नळ उघडा राहिला नाही," हे त्यांचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला तोंडपाठ आहे. सुनेची लगबग आणि मुलाची धसमुसळी घाई मला चांगलीच ओळखीची आहे. पण आजोबांइतक्या मायेने मला कोणी बंद केले नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मुलाने फिल्टर धुवायला काढला आणि मलाही त्यातून सोडवले. माझ्या दोन चकत्यांपैकी एक फिल्टरच्या आत असते आणि एक बाहेर, तेव्हा कुठे पाणी अडते. मुलगा खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल धरून कोणाशी तरी बोलत होता. बोलण्याच्या नादात त्याने दोन्ही चकत्या बाहेरच्या बाजूला घातल्या आणि नट पान्याने करकचून आवळला. "झालं एकदाचं!" म्हणत त्याने हात झटकले. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

त्याच संध्याकाळपासून माझ्या मानेतून, म्हणजे मी फिल्टरला जोडलेली आहे तिथून, थेंब थेंब पाणी झिरपू लागले. ते फिल्टरच्या अंगावरून गुपचूप खाली उतरे. ओटा पुढच्या बाजूला किंचित उतरता असल्यामुळे त्याचे थारोळे नेमके माझ्या तोंडाखाली साचे. पाहणाऱ्याला वाटावे, तोटीच उघडी राहिली आहे.

"बाबा, तोटी नीट बंद करत जा ना," मुलगा म्हणाला.

"केली होती रे मी."

"मग हे पाणी काय आभाळातून पडलं?"

आजोबांनी फडके घेऊन ओटा पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थारोळे, तिसऱ्या दिवशीही तेच. मग मुलाने माझ्या डोक्यावर एक चिठ्ठी चिकटवली, 'बंद केली का?' तिच्यावर कोणाचे नाव नव्हते, पण ती कोणासाठी आहे हे तिघांनाही ठाऊक होते.

मित्रांनो, ते दिवस फार वाईट होते. आजोबा पाणी घ्यायला आले की मुलगा दारातून डोकावून पाही. सून काही बोलत नसे, पण तिची नजर ओट्यावरून फिरे. आणि आजोबा? ते मला बंद करून दारापर्यंत जात, तिथून परत येत, पुन्हा माझी दांडी चाचपून पाहत. आता ते स्वतःवरच पाळत ठेवू लागले होते! मी जीव तोडून ओरडले असते, पण माझ्या तोंडातून पाण्याशिवाय काही निघत नाही. पुढे पुढे ते माझ्याकडे येईनासेच झाले. जेवताना सून देईल तेवढा अर्धा पेला ते पीत.

एके दिवशी त्यांना चक्कर आली. डॉक्टरांकडून आल्यावर सून स्वयंपाकघरात नवऱ्याला सांगत होती, "अंगात पाणीच नाही म्हणाले. बाबा पाणी का पीत नाहीत, तुला कळतंय का?"



बरे वाटल्यावर आजोबा दोन दिवस बहिणीकडे राहायला गेले. पहिल्याच सकाळी सून ओट्यापाशी थबकली आणि तिने नवऱ्याला हाक मारली.

"बाबा तर घरात नाहीत. मग हे पाणी कोणी सांडलं?"

दुपारी प्लंबर आला. त्याच्या पिशवीत प्लॅस्टिकची नवी कोरी तोटी होती. मी म्हटले, भरले माझे दिवस! हा मला भंगारात घालून तिला बसवणार. पण त्याने माझ्या तोंडाला आणि मानेला कोरडा कागद लावून पाहिला.

"तोंड कोरडं आहे, ताई. पाणी मानेतून येतंय. दोन्ही वॉशर बाहेर कोणी घातले? एक आत हवा. बाकी तोटी उत्तम आहे, बदलायची काही गरज नाही."

"मी घातले," मुलगा म्हणाला. त्याने स्वतःच ती चिठ्ठी खरवडून काढली.

आजोबा परतले तेव्हा त्याने त्यांना माझ्यासमोर आणले. "बाबा, तोटी तुम्ही कधी उघडी ठेवलीच नव्हती. फिल्टर मी चुकीचा जोडला होता. उगाच तुम्हाला बोललो."

आजोबांनी माझी दांडी हलकेच चाचपली. "मला वाटलं, माझं डोकंच चालेनासं झालं," ते म्हणाले. हे ऐकून मला फार वाईट वाटले.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरात काही गळू लागले, बिघडले, की आधी त्या वस्तूला हात लावून नीट पाहा. लगेच घरातल्या माणसाकडे बोट दाखवू नका. माझी गळती दहा मिनिटांत थांबली. आजोबा मात्र अजूनही कधी कधी पेला हातात घेऊन माझ्यासमोर घुटमळतात.

हल्ली मुलगा रोज पाणी प्यायला की मला घट्ट बंद करतो आणि बाहेर हाक मारतो, "बाबा, मी तोटी बंद केली का, जरा बघता?" आजोबा उठून येतात, मला तपासतात, "केलीस हो," म्हणतात आणि आलोच आहोत तर म्हणून एक पेला पाणी पितात. मी बंद आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. तो मुद्दाम विचारतो, असा मला दाट संशय आहे.