हलका बाण

बाण बोटावर तोलून पाहायचा आणि मग मान हलवायची, एवढंच बाण करणारा चिल्बोक म्हातारा बोलायचा. पाती लोखंडाची रुंद, वेळू जाड पेराचा, मागे तितराचे नव्हे तर रानकोंबड्याचे वीतभर लांब पिसारे. मध्यापासून चार बोटं पुढे तोल आला की बाण वाघाचा. असा बाण लांब जात नाही. तीस पावलांच्या पुढे तो दमतो. पण तीस पावलांच्या आत बरगड्या फोडून पलीकडे निघतो आणि वाघ जागच्या जागी बसतो. चिल्बोकच्या हयातीत डोंगराकडच्या त्या खेड्यातून वाघावर गेलेला एकही माणूस त्याच्या बाणामुळे मेला नव्हता. त्याला साऱ्या जन्मात अभिमान होता तो एवढाच.

त्याचा मुलगा मान्दोक वाघमाऱ्यांच्या तुकडीत होता. अंगापिंडानं बरा, नेम उत्तम, पण भलता उतावळा.

"बाबा, तुमचा बाण म्हणजे वरातीमागून घोडं," तो एका सकाळी म्हणाला. "सरकारचा नियम काय? पहिला बाण ज्याचा, बढती त्याची. वाघ कोणाच्या बाणानं मेला, ते कारकून विचारतो का?"

"कारकुनाला वाघ चावत नाही," चिल्बोक म्हणाला.

"पाच वर्षं झाली. दर वेळी सोकदोलदादा पहिले. का, तर ते नायक, घळीच्या तोंडाशी उभे. आम्ही वर कड्यावर नुसते बघे. मला हलका बाण द्या, मी वरूनच मारतो. ऐंशी पावलांवरून."

"ऐंशी पावलांवरून वाघाला खाज सुटेल. मरणार नाही."

"मग राहू दे. तुम्ही जन्मभर वेळू भाजलेत, मीही जन्मभर शिपाईच राहतो. बापाचा वारसा!"

हे म्हाताऱ्याला लागलं. शहाण्या माणसाला मूर्ख करायला एक टोमणा पुरतो, आणि तो पोटच्या पोरानं मारला की वेळही लागत नाही. त्यानं बारीक वेळू निवडला, निखाऱ्यावर सरळ केला, अरुंद पाती बसवली, पिसं कापून करंगळीएवढी ठेवली. माशाच्या सरसानं ती चिकटवताना त्याच्या मनात आलं, हा बाण आपण कोणाला दाखवू नये. तरी नेहमीच्या रिवाजानं दांड्यावर शाईनं मालकाचं नाव लिहिलं.

शिकार झाली ती दहाव्या महिन्यात. हाकारे झांजा बडवत खाली उतरले. घळीच्या तोंडाशी सोकदोल नायक वाघाच्या वाटेपासून तीस पावलांवर गुडघा टेकून बसला होता, जड बाण लावून. वाघ निवांत चालत येत होता, अजून त्याला पुढच्या माणसाचा वास आला नव्हता. आणखी दहा पावलं, की त्याची कूस समोर आली असती. तेवढ्यात वरून मान्दोकचा बाण आला.

संध्याकाळी ठाण्याच्या अंगणात वाघ आडवा घातला होता आणि शेजारी चटईखाली सोकदोल. बाण काढून दाखवायला चिल्बोकला बोलावलं, कारण ते काम बाणकऱ्याचंच. मान्दोकचा बाण खांद्याच्या हाडात दोन बोटं रुतून अडकला होता. चिल्बोकनं तो चिमटीत धरून ओढला, तसा अलगद निघाला. सोकदोलचा बाण पिसाऱ्यापर्यंत छातीत होता. म्हणजे वाघ त्यानंच मारला होता, फक्त चवताळून अंगावर आलेल्या वाघाला, एका उडीच्या अंतरावर. मेला तो वाघ त्याच्या अंगावरच.

"पहिला कोणाचा?" कारकुनानं विचारलं.

चिल्बोकनं नाव वाचलं. त्याहून जास्त काही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्याला स्वतःची शिसारी आली. पण मुलगा समोर उभा होता, चेहरा पांढराफटक, आणि बाप शेवटी बापच.

मान्दोकला सोकदोलचीच रिकामी जागा मिळाली. तो नायक झाला. गावानं दारू प्यायली. आठ दिवसांत तुकडीतली सहा पोरं एकेक करून चिल्बोकच्या ओट्यावर आली. "काका, मान्दोकला दिलात तसा द्या." त्यानं प्रत्येकाला उडवून लावलं. सरस वाळला नाही, वेळू ओला आहे, डोळे दुखतात.

एकविसाव्या दिवशी सोकदोलची बायको आली. माहेरच्या गावावरून तिला सारे सेतगोलची म्हणत. अंगावर सुतकाचं जाडंभरडं कापड, हातात गाठ मारलेली दोरी.

"धाकट्या दिराच्या हाताचं माप आणलंय," ती म्हणाली. "घरातला एक माणूस तुकडीला द्यावाच लागतो. आता तोच जाणार. त्याला हलका बाण हवा."

चिल्बोकनं हातातला वेळू खाली ठेवला. साऱ्यांना नाही म्हणता येत होतं, हिला कसं म्हणणार? शेवटी तो एका दमात बोलून गेला.

"बाई, हलका बाण मागू नकोस. तुझा नवरा हलक्या बाणानंच गेला. माझ्या पोरानं वरून वाघाला नुसतं डिवचलं, आणि वाघ जवळ दिसला त्याच्यावर गेला. तो बाण मी केला. जड असता तर मान्दोकनं तिथून मारलाच नसता. ठाण्यावर मी तोंड शिवून बसलो. हवं तर आत्ता जाऊन सांगतो."

ती रडली नाही.

"हे सांगायला एकवीस दिवस लागले तुम्हाला," ती म्हणाली. "मला पहिल्याच रात्री कळलं, हाकाऱ्यांनी सांगितलं. मी काय आंधळी आहे? म्हणून तर हलका मागते. वरून मारतो तो घरी येतो, काका. वाघ जातो तो खालच्यावर."

"आणि खाली कोण उभं राहील?"

"ते मला का विचारता?" ती म्हणाली. "घळीच्या तोंडाशी नायकच उभा राहतो ना?"

तिच्या आवाजात विष नव्हतं. असतं तर चिल्बोकला रागावता तरी आलं असतं. आतल्या खोलीत मान्दोक नव्या कंबरपट्ट्याची बक्कल लावून पाहत होता आणि आईला हाक मारून विचारत होता, की आता आपल्याला नायक म्हणतील की नायकसाहेब.

सेतगोलचीनं दोरी पुढे धरली. चिल्बोकनं ती घेतली. नाही म्हणायला त्याच्याजवळ तोंड उरलं नव्हतं.