दोन बोटं जवळचा रस्ता

मित्रांनो, मी आणे गावच्या शाळेतला एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल चिकटवून, वर छापील कागद लावून मला घडवलं. नवा होतो तेव्हा मुलं मला फिरवायला भांडायची. पुढे विषुववृत्तावरची शिवण उकलली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. समोरच्या भिंतीवर जगाचा सपाट नकाशा होता, सगळ्यांचा लाडका. मला मात्र त्याच्याबद्दल पहिल्यापासून शंका होती. गोल जग सपाट करायचं, म्हणजे कुठेतरी ओढाताण झालेली असणारच.

१९९९च्या जुलैत कुंडलिकदादा लेकीला, आरतीला, घेऊन शाळेत आले. पूर्वी ते मेंढरं राखायचे. खांद्यावर घोंगडी अजून होती. आरतीला शिकायला न्यूयॉर्कला जायचं होतं. तिकिटावर मात्र आधी जर्मनीतलं फ्रँकफर्ट होतं.

दादांनी नकाशावर बोट ठेवलं. "शीलाबाई, ही मुंबई. न्यूयॉर्क सरळ डावीकडं. मग इमान वर जर्मनीत कशाला घालत्यात? एजंटाचा कायतरी डाव हाय. पोरीला भलतीकडंच उतरवतील. मी नाय धाडायचो."

"आबा, तिथं नुसतं विमान बदलायचंय."

"तू गप. मेंढरं कोकणात न्हेताना उलटं नगरवरनं कोण जातं का?"

भूगोल शिकवणाऱ्या शीलाबाईंनी मला कपाटावरून खाली काढून पुसलं आणि खणातून दोरा काढला.

"तुमचा दोरा नगं," म्हणत दादांनी घोंगडीचाच एक दोरा उसवला.

आधी नकाशावर सरळ दिसणारी वाट माझ्या अंगावर मोजली: मुंबईहून अरबस्तान, इजिप्त, आफ्रिकेचा माथा, मग समुद्र. न्यूयॉर्कला बाईंनी दोऱ्याला गाठ मारली. नंतर तोच दोरा पुन्हा मुंबईपासून, पण फ्रँकफर्टवरून नेला. या खेपेला न्यूयॉर्क गाठीच्या अलीकडेच आलं.

"तुमी जास्तीचा ताणला, बाई."

मग दादांनी स्वतः धरला. पुन्हा धरला. दर वेळी दोन बोटं दोरा उरलाच.

"म्हंजी वरनंच जवळ पडतंय?"

"हो. वेळही कमी लागतो."

दादांनी नकाशाकडे वळून पाहिलं. "आन् ह्यो इतकी वर्सं आमाला गंडवत व्हता व्हय?"

"तो सपाट आहे, दादा. त्याला तेवढंच जमतं."

मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू?

"जाऊ दे तिला," दादा म्हणाले. "पन जर्मनीत उतरली की फोन पायजे."

आरती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा वर्गात मागे येऊन बसले. मी मांडीवर, अंगठा फ्रँकफर्टवर. दुपारी एसटीडी बूथवाला धावत आला. "दादा, आरतीचा फोन व्हता! जर्मनीत हाय, सकाळचं गार हाय म्हनली!"

तेव्हा कुठे तो अंगठा हळूहळू समुद्र ओलांडू लागला.

आता वर्गात संगणक आलाय आणि मी पुन्हा कपाटावर आहे. मित्रांनो, नकाशावर शंका घ्या, माझ्यावरही घ्या. पण शंका घेऊन तसेच घरी जाऊ नका. मला खाली काढा, शिवण तेवढी चिकटवा आणि मोजून बघा. दादांचा दोरा माझ्या आसाला अजून बांधलेला आहे, गाठीसकट.