जखमेची डागडुजी

वीतभर भोक हातभर करायचं, एवढंच काम. पण त्यापाठोपाठ गवंड्याच्या पदरात काय काय पडणार होतं! प्रार्थनाघराच्या जीर्णोद्धाराचं सगळं बांधकाम, जावयाला देखरेखीची नोकरी, सोहळ्यात पुढच्या रांगेत खुर्ची आणि पायरीच्या दगडावर नाव. नावाला त्याने तोंडदेखलं "कशाला हो" म्हटलं होतं. कुठली पायरी, ते मात्र मनात ठरवून टाकलं होतं.

"रस्त्यावरून दिसलं पाहिजे," अध्यक्ष भिंतीवर हात फिरवत म्हणाले. "दीडशे वर्षांपूर्वी त्यांनी पहार घातली ती इथेच. ही आपली जखम आहे, मिस्त्री. ती बुजू द्यायची नाही."

त्यांनी भोकाच्या कडेला कपाळ टेकवलं. डोळे खरोखरच पाणावले होते. गवंड्याने खिशातला खडू काढला. ते भोक त्याच्या बापाने पाडलं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी वादळात ती अख्खी भिंत बसली. बापाने नवी उभारली. चुना दिला रस्त्यापलीकडच्या चुनेवाल्याने, आणि तोही फुकट. चुनेवाला धर्माने पहार घालणाऱ्यांपैकी. पण देवाच्या कामाला भाव लावायचा नसतो, असं म्हणाला. भिंत ओळंब्यात अशी उतरली की बाप दोन दिवस नुसता तिच्यासमोर बसून होता. तिसऱ्या दिवशी तेव्हाची कमिटी आली. सगळं झकास आहे, पण भोक कुठाय? स्मृतिदिनाला लोकांनी बघायचं काय? बापाने मुकाट्याने छिन्नी घेतली.

पुढे धूळ, ओल, पाखरं ते बुजवायला बघत आणि दरवर्षी बाप कडा तासून ताजं करून देई. बापामागे हा. जखमेची डागडुजी घराण्याकडेच होती म्हणा ना. ती जुनी कमिटी आता तसबिरींत गेली होती. खरं ठाऊक होतं ते चुनेवाल्याच्या मुलाला, जो आता स्वतः चुनेवाला होता पण काही बोलत नसे, आणि गवंड्याच्या आत्याला. आत्या इथली झाडलोट करी, दिवा सांभाळी.

"आणखी मोठं करतोस?" खडूची रेघ बघून आत्याने विचारलं.

"कमिटीचं म्हणणं आहे."

"आणि देवाचं?"

"त्याने काम दिलं तर सांग. लगेच करतो."

"देतोच की. मजुरी बोलत नाही म्हणून तुला ऐकू येत नाही." ती खोकली. "पूर्वी माणसं आत आली की डोळे मिटायची. आता आधी भोकाला डोळा लावतात. लाव तूही, बघ काय दिसतं."

त्याने डोळा लावला. पलीकडे चुनेवाला दोरीने बांधलेला चष्मा सावरत तराजूशी बसला होता. भोकात बरोबर तेवढाच मावत होता.

"काल एक जण लेकीला उचलून दाखवत होता. ते बघ, तेच ते. हातभर केलंस की अख्खं दुकान मावेल."

"मी नाही केलं तर दुसरा करेल."

"करू दे."

"तुझं काय जातं म्हणायला? जावई माझ्या घरी बसलाय."

"बसला असेल. दादा त्या दिवशी घरी आला आणि जेवलाच नाही. नवी भिंत होती गं, म्हणाला, तिने कुणाचं काय केलं होतं?"

गवंड्याने छिन्नी खाली ठेवली. मग रस्ता ओलांडून गेला.

"चुना कशाला?" चुनेवाल्याने विचारलं.

"भिंतीला."

चुनेवाल्याने तराजू उचलला. मापापेक्षा मूठभर चुना जास्तच घातला.

दुपारी भोक बुजलं. गवंड्याने शेवटची थापी फिरवली तेव्हा वारा थांबला आणि सदा फडफडणारी दिव्याची ज्योत सरळ उभी राहिली. आत्या तिच्याकडे बघतच राहिली.

संध्याकाळी अध्यक्ष आले. गवंड्याने सगळं सांगून टाकलं. "भिंतीच्या विटा चाळीस वर्षांच्याच आहेत, साहेब. काढून दाखवतो."

अध्यक्ष ओरडले नाहीत. "लहानपणी आजोबा मला कडेवर घेऊन इथे रडले होते," ते हळू म्हणाले.

"त्यांचं रडणं खरंच होतं. भोक खोटं होतं."

"मग ते रडणं मी ठेवू कुठे?"

आत्या म्हणाली, "देवापुढे ठेव, बाळा. जागा त्यासाठीच आहे."

अध्यक्ष क्षणभर दिव्याकडे वळले. खाली बसतील असं वाटलं. तेवढ्यात बाहेरून कार्यकर्त्यांनी हाक मारली, आणि ते गेले.

तिसऱ्या दिवशी दुसरा गवंडी आला आणि भोक हातभर करून गेला. सोहळा दणक्यात झाला. पायरीवर त्याचं नाव लागलं. आपला गवंडी लोकांचे ओटे दुरुस्त करत हिंडतो, आणि जावई त्याच्याशी बोलत नाही. चुनेवाल्याने दोन महिन्यांत दुकान बंद केलं आणि तो बहिणीच्या गावी निघून गेला. भोकातून आता नुसतं बंद शटर दिसतं. लोक तरी डोळा लावतात आणि म्हणतात, तेच ते.

वारा मात्र रोज येतो. आत्याने आपली चटई भोकासमोर ओढून घेतली आहे; भोकाकडे पाठ करून ती बसते, म्हणजे ज्योत हलत नाही. म्हाताऱ्या बाईला ऊठ कोण म्हणणार? खोकला वाढलाय. पण हातभर भोक एका पाठीने झाकत नाही. म्हणून संध्याकाळी काम आटोपलं की गवंडी येतो, हात धुतो आणि उरलेल्या जागेला पाठ लावून तिच्या शेजारी बसतो.