तेल प्यायलेला टायर

घाट रोडवर टायरची दुकानं ओळीनं होती, पण टायरला झालंय तरी काय हे विचारायचं असलं की माणसं कुसुमताईंकडेच येत. दुकानाच्या पाटीवर नाव त्यांच्या यजमानांचं, वामनरावांचं. वामनराव मागच्या बाजूला भट्टीपाशी झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवत बसायचे आणि सहसा बोलायचे नाहीत. बोलण्याचं खातं कुसुमताईंकडे होतं आणि ते त्यांनी एक दिवसही बंद पडू दिलं नव्हतं. टायरवर नुसता अंगठा फिरवून त्या सांगत, हा माणूस ब्रेक उशिरा दाबतो, हा खड्डा बघून वळत नाही, आणि ह्याच्या मागं बसणारी बायको अंगानं चांगली भरलेली आहे. ह्या शेवटच्या निदानावरून एका गिऱ्हाइकाच्या घरी मोठं भांडण झालं होतं. पण निदान चुकलं असं त्या घरातसुद्धा कुणी म्हणालं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या आश्विनात एका सकाळी त्यांचा धाकटा भाऊ मुकुंद ट्रकमधून आणलेली मोटरसायकल हातठेल्यावर घालून दुकानी आला, तेव्हा ताई उदबत्ती लावत होत्या. मुकुंद पशुवैद्यकीय खात्यात होता. मनसरला खोली करून राहायचा आणि रामटेकच्या पलीकडच्या गावांत गुरांना सुया टोचत फिरायचा. थोडं डांबर, मग नाले, पांदणी आणि धानाच्या बांध्या, असा त्याचा रोजचा रस्ता. म्हणून त्यानं आपल्या मोटरसायकलला दोन्हीकडं चालेल असं रूप दिलं होतं. मडगार्ड उंच, सायलेन्सर वर वळवलेला, हँडल रुंद, आणि मागचा टायर खोल खाचांचा, जाड गट्ट्यांचा. तो टायर ताईंनीच निवडून दिला होता.

“टायर पाह्य ताई. बाकी काही विचारू नको,” मुकुंद म्हणाला.

“तुहं कोपर फुटलं अन् मी टायर पाहू?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी मनसरच्या वळणावर गाडीचं मागचं चाक एकाएकी बाजूला निसटलं आणि मुकुंद डांबरावर घसरत गेला. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून भाऊ दिसत होता, नाहीतर काय दिसलं असतं, हा विचार ताईंच्या मनात येऊन गेला. त्यांनी तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही. घाबरलेल्या माणसाला टायर दिसत नाही, असं त्यांचं मत होतं.

“हे नत्थूजीचं काम आहे,” मुकुंद म्हणाला. “परवा रामटेकच्या ठाण्यात जाऊन नाव देतो त्याचं. अन् बदली मागून घेतो. जिथं लोक जिवावर उठले, तिथं मी काहून मरू?”

नत्थूजी हा पिंपळटोल्याचा शेतकरी. त्याच्या घरामागच्या गुरांच्या कोठ्यात मुकुंद मोटरसायकल ठेवायचा आणि तिथून पुढच्या वाड्यावस्त्यांवर पायी जायचा. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या ऐन दिवसांत, नत्थूजीच्या जोडीतला एक बैल घटसर्पानं आजारी पडला. नाल्याला पूर होता. मुकुंद पोचला तोवर बैलाचा गळा सुजून श्वास कोंडला होता. त्यानं सुई दिली, पण बैल त्याच्या हाताखालीच गेला. नत्थूजी साऱ्या गावासमोर ओरडला, “डॉक्टर, तुमची सुई मेल्यावरच येते!” त्या दिवसापासून तो मुकुंदशी एक शब्द बोलला नव्हता. मोटरसायकल मात्र तिथंच उभी राहत होती, कारण गावात छपराखाली जागा तेवढी एकच. आधी बैल गेला आणि मग काही दिवसांतच मागचा टायर बिघडायला लागला. मुकुंदच्या मनात दोन अधिक दोन चार झालेले होते.

कुसुमताईंनी पदर खोचला आणि टायरपाशी उकिडव्या बसल्या.

टायर खरंच चमत्कारिक झाला होता. झिजला असता तर समजलं असतं, पण हा झिजला नव्हता. जागोजागी गट्टे बुडापासून निखळून पडले होते आणि उरलेले बोटानं दाबले की ओल्या साबणासारखे दबत होते. दोन्ही बाजू फुगल्या होत्या. टायर रिमवरून सरकला होता आणि त्याच्याबरोबर ओढली गेल्यानं ट्यूबची हवा भरायची नळी तिरपी होऊन बुडाशी फाटली होती. पुढचा टायर मात्र ठणठणीत.

“सुरीनं कापला,” मुकुंद म्हणाला.

“उचलली जीभ लावली टाळ्याले. सुरी लावली असती तं काप सरळ आला असता. हे कापलं नाही, हे आतून नरम होऊन गळलं.”

वामनराव भट्टी सोडून आले होते. “चेनचं तेल उडत असन,” ते म्हणाले. तेवढं बोलायला त्यांना दिवसाचा अर्धा कोटा लागला.

“चेन एका बाजूले असते. मंग तीच बाजू सडली असती. हे दोन्हीकडून सारखं आहे.” ताईंनी वर्तमानपत्राचा तुकडा टायरवर दाबला. कागदावर तेलाचा डाग उमटला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. “जवसाचं तेल. अन् त्यात रॉकेल.” मग केसांतला आकडा काढून त्यांनी एका खाचेतून पिवळा थर खरवडला आणि बोटावर चोळला. “अन् हे पाह्य. हळद.”

मुकुंदचा चेहरा उतरला. गावोगाव जाऊन रोग जंतूंनी होतो, देवीच्या कोपानं नाही, असं लोकांना समजावणारा माणूस, पण आता तो दोन पावलं मागं सरकला. “तेल, हळद... ताई, त्यानं करणी केली वं.”

ताई खळखळून हसल्या. “करणी करणारा लिंबू टाकून पळते, बाबू. हे पाह्य, तेल वरून ओतलं नाही. एकेका खाचेत बोट घालून चोळलं आहे, अन् एकदा नाही, कितीकदा. दुष्मन इतका वेळ बसते का? त्याले एक खिळा पुरते. हे काम दुष्मनाचं नाही, कोण्या तरी मूर्खाचं आहे.”

“कोणाचं?”

“ते टायर नाही सांगत. उद्या मले त्या कोठ्यात ने. चोर सोडून संन्याशाले फाशी नको देऊ. नत्थूजीचं काम निघालं तं मी सोताच ठाण्यात त्याचं नाव देईन.”

मुकुंदला पटलं नव्हतं. पण ताईंशी वाद घालून जिंकलेला माणूस घाट रोडवर तरी कुणी पाहिला नव्हता. वामनरावांनी दुकानातला एक जुना पण दणकट टायर बसवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई औषधांची पेटी मांडीवर घेऊन भावाच्या मागं बसल्या. वाटेत मनसरचं वळण आलं तेव्हा मुकुंदनं गाडी हळू केली. ताईंनी त्याच्या खांद्यावरचा हात घट्ट केला. त्या मूर्खाला काय काय सुनवायचं ह्याची त्यांनी रामटेकच्या डोंगरापर्यंत जुळवाजुळव केली. त्यात ‘अक्कल गहाण ठेवली का’ हे तर अगदी सुरुवातीलाच होतं.

पिंपळटोल्यात मुकुंदनं मोटरसायकल नेहमीच्या जागी लावली. कोठ्यात एकच बैल बांधलेला होता. त्याच्या शेजारचा खुंटा रिकामा होता आणि त्या खुंट्यापाशीच गाडीची जागा होती. नत्थूजी वावरात गेलेला. दोघं भाऊबहीण नेहमीच्या वाटेनं निघाल्यासारखी निघाली आणि वळसा घालून धानाच्या तणसाच्या ढिगामागं येऊन उभी राहिली. मुकुंदला हे पोरकट वाटत होतं. ताईंना अजिबात वाटत नव्हतं.

थोड्या वेळानं नत्थूजीची बायको प्रयागबाई घरातून बाहेर आली. उंच, वाळलेली बाई, हातात ॲल्युमिनियमची वाटी. ती बैलाशी बसली, वाटीतल्या हळदतेलात बोटं बुडवून त्याचा खांदा चोळू लागली. जुवाच्या जागी कातडं सोललं होतं, तिथं तिचा हात हळू व्हायचा. बैलाचं झाल्यावर तिनं उरलेल्या तेलात कोपऱ्यातल्या बाटलीतून रॉकेल ओतलं, बोटानं ढवळलं आणि सरकत मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी येऊन बसली.

“थकला असशीन बापा,” ती चाकाला म्हणाली. “लय दुरून आला.”

आणि ती कालच बसवलेला टायर खाचेखाचेतून चोळायला लागली.

मुकुंद पुढं झेपावणार तोच ताईंनी त्याचं मनगट धरलं आणि त्या स्वतः पुढं झाल्या. जुळवून ठेवलेलं सगळं ओठांवर होतं. पण त्या बाईची बोटं ज्या मायेनं फिरत होती ती पाहून त्यातला एक शब्दही बाहेर पडेना.

“काय करून राहिल्या वं बाई?”

प्रयागबाईनं वर पाहिलं. “खांद मळून राहिली.”

“चाकाचा?”

“मंग? वझं तं हेच चाक वाहते. पुढचं नुसतं वाट दाखोते. मागं डॉक्टर बसते, दवाईची पेटी असते, बर्फाचा डब्बा असते.” तिला ह्यात समजावण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. “दोघायचं तेल काढाची सवय आहे मले. हातानं दोघायचंच निघते. एक गेला. उरलेलं परत डब्ब्यात घालाले मन नाही होत. अन् डॉक्टरची गाडी त्याच्याच खुट्यापाशी राह्यते. पहिले पहिले हे चाक तेल पेतच नव्हतं. मंग त्या बाटलीतलं मातीचं तेल मिसळलं, तवा पेलं.”

मुकुंद ढिगामागून बाहेर आला होता. “मावशी, तुमचा बैल माह्या हातानं गेला. तुमाले राग नाही आला माहा?”

“कायचा राग? पुरातून आले तुमी, छातीपरेंत ओले. बैल गेला तं लेकरावानी रडले. मी पाह्यलं ना. ज्या माणसानं आमच्या ढोरासाठी डोळ्यातून पाणी काढलं, त्याच्या गाडीले म्या एवढं बी करू नाही का?”

ज्या घरावर मुकुंद पोलीस घालायला निघाला होता, त्या घरात त्याची गाडी घरच्या जनावरासारखी सांभाळली जात होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं ताईंकडं पाहायचंही टाळलं.

कुसुमताईंना भडभडून आलं होतं. गोड बोलून, हसून वेळ मारून नेता आली असती. पण त्याच चाकावर बसून त्यांचा भाऊ उद्या परत त्या वळणावरून जाणार होता. त्या खाली बसल्या आणि प्रयागबाईचा तेलकट हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

“बाई, तेलानं बैलाचा खांदा सुधरते. रबर सडते. ह्या तेलानं माहा भाऊ मनसरच्या वळणावर पडला. मागून ट्रक येत होता.”

प्रयागबाईनं मुकुंदच्या कोपराकडं पाहिलं. पट्टीवर रक्ताचा डाग होता. “अवं माय!” ती म्हणाली. “म्या केलं हे?” आणि तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले, चोरी पकडल्यासारखे.

“तुमाले कसं माहीत असन? कोणी सांगतलंच नाही.”

ती चाकाकडं वळली. मग म्हणाली, “मंग म्या ह्याले काय लावू?”

“काहीच नाही. नुसतं पाण्यानं धुवा.”

“पाणी तं त्याले नाल्यात बी भेटते. त्यात माहं काय?”

टायरबद्दलचा प्रश्न कुसुमताईंनी दुसऱ्याकडं सोपवला, असा हा पहिलाच प्रसंग. त्यांनी मुकुंदकडं पाहिलं.

मुकुंदनं एक चिंधी घेऊन चाक पुसून काढलं. मग बाह्या वर सारल्या. “मावशी, दुसरं तेल आणा. हळद घाला. मातीचं तेल नका मिसळू.” तिला कळेना, पण तिनं आणून दिलं. मुकुंद वाटी घेऊन बैलापाशी बसला. “तुमचं दोघायचं तेल निघते ना? निघू द्या. एक वाटी तुमी लावा अन् मी आलो का दुसरी मी लावतो. गाडीची वाटी बी ह्यालेच.” आणि तो बैलाचा खांदा चोळू लागला. बैलानं आधी कातडी थरथरवली, मग मान खाली सोडली.

तेवढ्यात नत्थूजी वावरातून परतला आणि कोठ्याच्या तोंडाशी थांबला. त्यानं अनोळखी बाई पाहिली, रडवेली बायको पाहिली, मुकुंदच्या कोपराची पट्टी आणि हातातली वाटी पाहिली. मुकुंदचा हात जागच्या जागी थांबला. नत्थूजीनं खांद्यावरची कुदळ भिंतीशी टेकवली, आत आला आणि बैलाच्या पलीकडं उकिडवा बसला.

“त्या दिवशी म्या वाईट बोललो डॉक्टर,” तो बैलाच्या पाठीकडं पाहत म्हणाला. “मंग शरमेनं तोंडच उघडे ना.”

मुकुंदचा हात परत बैलाच्या खांद्यावर फिरू लागला.

नत्थूजीनं बैलाच्या मानेवर हात ठेवला. “डाव्या अंगाले जरा जास्त लावा,” तो म्हणाला. “जोडीदार उसना आहे त्याचा, नवा आहे. सारं वझं ह्याच्यावरच येते.”

मुकुंदनं मान हलवली आणि डावीकडं सरकून बसला.