आठव्यातला उंबरा

माझी सासू कलाबाई हिच्याशी माझं कधी पटलं नाही, आणि पटावं असं मला वाटतही नाही.

डिंपल माझी धाकटी जाऊ. माहेरी तिला आई नाही, म्हणून बाळंतपण भडगावला आमच्याच घरी. सातव्यातल्या तपासणीच्या वेळी डॉक्टरबाईंनी सांगितलं की आरएसव्हीची, म्हणजे तान्ह्या बाळांची छाती भरणाऱ्या विषाणूवरची लस गरोदर आईला टोचतात, आणि तिच्या रक्तातून ताकद पोटातल्या बाळाला मिळते. सर्दी होणारच नाही असं नाही, पण छाती भरून दवाखान्यात न्यायची पाळी सहसा येत नाही. मात्र छत्तीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत घ्यायची. आता डिंपलकडे चार दिवस उरले होते.

माझी परी दोन महिन्यांची असताना याच आजारानं गेली. धुळ्याच्या दवाखान्यात नऊ दिवस तिच्या बरगड्या आत ओढल्या जाताना मी बघत होते. तेव्हा ही लस आमच्या कानावरही आली नव्हती. आता आली होती, तर आडवी आली सासू.

"आठवा महिनामा उंबरा वलांडानं नही," ती म्हणाली. "आमना घरमा कोनी वलांडेल नही."

"आत्याबाई, लस आठव्यातच देतस. नववा लागना का कामनी नही."

"तुले तुनी पोर संभाळता उनी नही, नि दुसरीले शिकाडस."

डिंपलचा नवरा राकेश तिथेच मोबाइल चाळत बसला होता. आईपुढे त्याची नेहमीच दातखीळ बसते. मी आतून स्कूटीची चावी आणली, तर म्हातारी पदर खोचून दारात बसली. उंबऱ्यावर बसू नये म्हणून अकरा वर्षं मला टोकणारी बाई, स्वतः ऐन उंबऱ्यावर ठाण मांडून. तिला हाताला धरून बाजूला ओढावं असं मला खरंच वाटलं.

 पोटावर हात ठेवून डिंपल उठली.

"अक्का, गाडी मांगला दारले लाव. तठे उंबराच नही शे."

खरंच नव्हता. बाइक आत घेता यावी म्हणून राकेशनंच तो काढून तिथे उतार केला होता. सासूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं मोबाइल खिशात घातला. आम्ही मागून गेलो, लस टोचून आलो. पुढे महिनाभर म्हातारीनं आम्हा दोघींच्या हातचं पाणी घेतलं नाही. घेऊ नये, माझा एक हेलपाटा वाचला.

मुलगा झाला. थंडीत गल्लीतली तीन तान्ही पोरं दवाखान्यात गेली, त्यातलं एक ऑक्सिजनवर होतं. आमचा शिंकला, चार दिवस नाक वाहिलं, आणि पुन्हा पोटभर दूध प्यायला लागला.

सासू त्याला मांडीवर घेऊन शेजारणीला सांगत होती, "मी रोज नजर उतारसू, म्हनीसन मना नातू वाचना."

मी पीठ मळत होते. हात थांबला.

"मनी परीनी बी रोज उतारी व्हती ना, आत्याबाई?"

शेजारीण उठून गेली. सासू पोराच्या टोपड्याची नाडी सोडत आणि बांधत राहिली.  मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?