पंधरा हजार फुटांसाठी दोन बाटल्या

महाडच्या औद्योगिक वसाहतीत मुंबईहून आलेल्या टेम्पोतून दोन खोकी उतरली, तेव्हा शुभदा पेठे आपल्या औषध कारखान्यातली बैठक अर्ध्यावर टाकून अनवाणीच शेडकडे धावल्या. जुल्फिकारचाचा तिथे आधीच उकिडवे बसले होते. शारजाच्या एका विमानतळावर बावीस वर्षं छोट्या विमानांत ऑक्सिजन भरून ते सहा महिन्यांपूर्वी गावी परतले होते. शेजारपाजारी त्यांना कौतुकाने 'हवावाले' म्हणत आणि सायकल घेऊन दारात येत. त्यांचं खरं काम कुणी विचारलं, ते आज पहिल्यांदाच.

दोन हजार तीनचा ऑक्टोबर होता. पुण्याच्या एका चार आसनी विमानात शुभदाताईंची भागीदारी होती. रविवारी त्या आणि त्यांची वैमानिक मैत्रीण नीला हिमाचलातली एक डोंगररांग पंधरा हजार फुटांवरून ओलांडणार होत्या; विमान नीला चालवणार, रेडिओ शुभदाताई सांभाळणार. त्या उंचीवर विरळ हवेत डोकं हळूहळू बधीर होतं, आणि वाईट म्हणजे माणसाला ते कळत नाही. उलट त्याला फार छान वाटतं. म्हणून ऑक्सिजन हवाच. खोक्यांतल्या ऑक्सिजनच्या दोन संचांपैकी एक ठेवायचा, दुसरा चार वाजता त्याच टेम्पोने परत. उद्या पहाटे निघायचं होतं.

"चाचा, तुम्ही म्हणाल तो," शुभदाताई म्हणाल्या आणि लगेच स्वतःच लहान खोकं फोडलं. "पण हा बघा ना! केवढीशी बाटली! श्वास घेतला की तेवढ्यापुरता ऑक्सिजन देतो, नाही घेतला की गप्प."

"माझ्या सासऱ्यावानी हाय," फिटर कोंडाजी म्हणाला. "मागितल्याबिगर सुटत नाय."

मोठ्या खोक्यातली पोलादी बाटली दोघांनी उचलावी एवढी होती. ती साधी: व्हॉल्व्ह उघडला की सतत वाहणार, चार तास पुरणार.

चाचांनी लहान संच आधी लावला. शुभदाताईंच्या नाकाशी नळी बसवली आणि त्यांना खुर्चीत बसवलं. श्वासागणिक हिरवा दिवा लुकलुकू लागला. ताई खूश.

"आता रेडिओवर बोलता तसं बोला. भराभर."

ताईंनी विमानाचा नंबर, उंची, दिशा, वारा, सगळं एका दमात म्हणायला सुरुवात केली. चाचा घड्याळ बघत होते. मिनिटभरात दिवा तीनदा लागला.

"ताई, तुम्ही बोलताना तोंडाने श्वास घेता. यंत्राला वाटतं, बाई श्वासच घेत नाही."

"मी आत्ता उत्साहात आहे म्हणून हो!"

"आणि डोंगरावर? तिथे काय जांभया देणार?"

कोंडाजी फिसकन हसला. शुभदाताईंचं तोंड उतरलं, पण त्यांनी वाद घातला नाही. "मोठी घेऊ. सामान कमी करते."

चाचा मोठ्या बाटलीकडे वळले. रेग्युलेटर आधीच जोडलेला होता. व्हॉल्व्हवर हात ठेवून ते वाकले आणि थबकले. ओळखीचा वास आला. घरोघरी डोक्याला, बिजागरीला, गंजल्या बोल्टला लागतो तोच.

"खोबरेल कुणी लावलं?"

"मीच," कोंडाजी अभिमानाने म्हणाला. "आटे घट्ट व्हते. तुमचं चाललं व्हतं, म्हटलं तेवढंच काम उरकतं. आपल्याकडं तेलाबिगर नट फिरतोय व्हय?"

चाचांनी हात हळूच काढून घेतला. "सगळे बाहेर."

बाहेर उन्हात आल्यावर ते बोलले. "दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की आग लागते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. मी चावी फिरवली असती, तर आपण तिघंही गेलो असतो."

कोंडाजी आपल्या तेलकट बोटांकडे बघू लागला. "चाचा, मला काय ठावं..."

"तुला कोण सांगणार होतं? मीच सांगायला हवं होतं."

फडक्याने पुसून भागणार नव्हतं. तो संच कंपनीतच साफ व्हायला हवा होता. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"म्हणजे जाणं रद्द," शुभदाताई म्हणाल्या. वर्षभराची तयारी त्या एका वाक्यात संपली.

चाचा आत लहान संचाकडे गेले. साबणाने तीनदा हात धुऊन त्यांनी तो उलटा केला. मागे दोन्ही नळ्यांना एकेक लाल कळ होती. बॅटरी बंद पडली तर ऑक्सिजन सतत वाहावा, म्हणून. शारजात ती फक्त अडचणीत वापरत. म्हणून चाचांच्या डोक्यात ती आलीच नव्हती.

"ऑक्सिजन लागणार बारा हजार फुटांच्या वर. तिथे किती वेळ?"

"पन्नास मिनिटं. का?"

"बाटलीत दोनशे चाळीस लिटर. सतत सोडला तर दोघींना मिनिटाला तीन. ऐंशी मिनिटं!" चाचांचा आवाज चढला. "गप्प असाल तेव्हा हिरव्या दिव्यावर, श्वासागणिक. बोलायच्या आधी लाल कळ. बाटलीच्या दाबाचा काटा पाववर आला की खाली उतरायचं, मग समोर काहीही दिसो."

"चाचा!" शुभदाताई जवळजवळ ओरडल्या.

"थांबा. केसांना तेल लावता?"

त्यांचा हात वेणीकडे गेला.

"रविवारी नाही. ओठांना, चेहऱ्यालाही काही नाही."

मोठ्या बाटलीवर चाचांनी ठळक अक्षरांत कागद चिकटवला: तेल लागले आहे, उघडू नये. टेम्पोवाल्याला तो कोंडाजीने दोनदा मोठ्याने वाचून दाखवला.

रविवारी दुपारी शेडमधला फोन वाजला. "पंधरा हजार दोनशे!" शुभदाताई दम न खाता सांगत होत्या. "नीला समोर नजर लावून गप्प, मी सारखी बोलतेय, चाचा, आणि माझी कळ दाबलेली! काटा निम्म्याच्याही वर!"

कोंडाजीने चाचांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"ताई, डोईला तेल?"

"नाही रे बाबा! झाडू झालाय केसांचा!"

"मग आता लावा," कोंडाजी म्हणाला.